नाला, लाल बोट अन् माह्या हातची गाठ

थांबा, स्क्रोल करून पुढं नका जाऊ. हे मले आत्ताच्या आत्ता सांगा लागते, या दगडावर बसल्या बसल्या. नाही तर मी गाडीले किक मारीन, घरी जाईन, जेवीन, झोपीन अन् उद्या परत हिंगण्याच्या बसमधे खिडकीशी बसून राहीन, जसं काही झालंच नाही. दोन वर्षं तेच करून राहिलो ना मी. टायपिंगच्या चुका होतीन, समजून घ्या, बोटं ओली आहे.

गोष्ट एवढीच आहे. माहा दोस्त रोशन या नाल्यात गेला. त्याच्या कमरेले दोरी होती, दोरीचं दुसरं टोक बोटीले होतं, अन् कमरेची गाठ सुटली नाही. सगळे समजतात का ती गाठ त्यानं स्वतःच मारली, त्याच्या आजोबानं शिकवलेली. आबाजी, म्हणजे त्याचे आजोबा, दोन वर्षांपासून येईन त्याले सांगून राहिले का पोराले मीच मारलं.

ती गाठ मी मारली होती. मी. आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन ते सांगून आलो. तिथून सरळ इथं.

नाल्याचा वास तसाच आहे पण. सडलेला सागाचा पाला, शेवाळ, अन् त्याच्या खाली एक लोखंडासारखा थंडा वास, जो फक्त दगडावर आपटून फुटलेल्या पाण्याले येते. पारशिवनीच्या पुढं, सागाच्या जंगलाच्या कडेकडेनं हा नाला उतरते. उन्हाळ्यात याच्यात बकऱ्या फिरते. पण ऑगस्ट आला का पाणी पायऱ्या पायऱ्यानं खाली येते, प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा. वरच्या पायरीचा आवाज कुकरच्या शिटीआधी होते तसा. मधल्या वळणाले आम्ही मिक्सर म्हणायचो. अन् सर्वात खाली दोन मोठे दगड, एकमेकाले चिटकून बसलेले, वरून गोल, खालून खाल्लेले. त्याचं नाव दाढ. रोशननंच ठेवलं. म्हणे, "पाह्य ना बे, बुढ्याच्या तोंडात उरलेल्या दोन दाढा. यांच्यात जे अडकन ते काडीनंच काढा लागन."

आम्ही तिघं होतो. मी, रोशन अन् गौरव. बोट एकच.

बोटीची गोष्ट सांगतो. कयाक म्हणतात तिले, पण आम्ही बोटच म्हणायचो. एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मागं कचऱ्यात पडली होती, लाल, पोटाले हातभर चीर. रोशन म्हणे मेली आहे ही. मी चिरेवर हात फिरवला अन् हसलो. कारण मी पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीत आहे ना, हिंगण्यात. टाकी बनते तसंच ही बनते. साच्यात पावडर टाका, भट्टीत फिरवा, थंडी करा. मी आमच्या रिजेक्ट टाकीचा काळा तुकडा आणला, हॉट गन आणली, अन् गौरवच्या घराच्या गच्चीवर एका रविवारी तिले शिवली. गरम प्लास्टिकचा वास तुम्हाले आवडते काय? मले आवडते. मेणबत्ती विझवल्यावर येते तसा, पण गोड. लाल पोटावर काळा पट्टा. गौरवची आई खालून ओरडे, "अबे पोट्टेहो, काय जाळून राहिले वरतं!" अन् गौरव वरून, "आई, जहाज बनवून राहिलो, तू कपडे धू."

ती बोट माही होती, समजून राहिले ना? कागदावर नाही, पण माह्या हातची होती. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथूनच आहे.

पहिल्या पावसाळ्यात आम्हाले काहीच येत नव्हतं. एक जण बसे, दोघं काठानं पळे. मोबाइलवर पाहून पाहून शिकलो, का पुढं वाकायचं, दगड आला का दगडाकडं झुकायचं, घाबरून मागं नाही. रोशन सर्वात चांगला. त्याच्या हातात काहीतरी होतं, वल्हं असं टाके जसं कोणाच्या खांद्यावर हात ठेवून राहिला. मी वल्हं मारे तर पाण्याले मारल्यासारखा. गौरव चिडवे, "तू पाण्याशी भांडून राहिला गा, त्याची काही चूक नाही." पाण्यातून निघालो का दात वाजे, मंग गौरवच्या डब्यातला कच्चा चिवडा, कांदा हातानंच फोडलेला, ओल्या बोटाले तिखट लागलेलं. कानात पाणी. ओल्या बनियनीवर ऊन पडलं का वाफ निघे, खरंच निघे, गौरव म्हणे आपण तिघं इडल्या आहो.

मंग एक दिवस बोट गेली. मी मिक्सरमधे उलटलो, बाहेर निघालो, पण बोट एकटीच पुढं पळाली. चार तास शोधली. दोन गावं खाली एका म्हातारीच्या दारात सापडली. म्हातारीनं तिच्यात पाणी भरून म्हशी लावल्या होत्या. दोन म्हशी, आरामात, लाल कयाकमधून पाणी पिऊन राहिल्या.

मी म्हटलं, "आजी, ही बोट आमची आहे."

"तुही? नाव लिवलं हाय काय तुहं?"

"नाव नाही, पण हा काळा पट्टा पाहा, मी लावला."

"नदीनं मले देल्ली. माह्या म्हशीले पटली. आता तुले काहून देऊ?"

गौरव हसून हसून बाभळीले टेकला. शेवटी ठरलं का मी तिले पाण्याची टाकी आणून देईन, रिजेक्ट मालातली, तिरप्या झाकणवाली. पुढच्या रविवारी टाकी गाडीवर बांधून घेऊन गेलो, बोट घेऊन आलो. येताना रोशन म्हणे, "म्हशीचा साखरपुडा मोडला बे तू."

त्या दिवशी मी ठरवलं का बोट परत जाऊ द्यायची नाही. बसन त्याच्या कमरेले बांधायची. ज्यांना कयाकचं खरंच समजते त्यांनी इथं डोक्यावर हात मारला असन. माहीत आहे. आता माहीत आहे. कुठल्याही व्हिडिओत सांगतलं असन का स्वतःले बोटीशी कधीच बांधू नका. आम्ही ते व्हिडिओ पाहिले नाही, आम्ही उड्या मारायचे पाहिले.

दोरी रोशनच्या घरून आली. त्याचं घर विणकरांचं. घरातला माग त्याच्या लहानपणीच बंद पडला, मागाचा खड्डा सिमेंट टाकून बुजवला, आता तिथं फ्रीज उभा आहे. वडील खापरखेड्याले प्लँटवर कामाले. पण आबाजीनं मागाची सुताची दोरी ठेवून देल्ली होती, ताणा ओढून धरायची ती, अंगठ्याएवढी जाड, हातानं वळलेली, इतकी वापरून गुळगुळीत का गालाले लावावी वाटे. तिले खळीचा वास होता अजून. भाताच्या पेजेसारखा, आंबट. दहा पावसाळे झाले तरी गेला नव्हता.

आबाजीनं आम्हाले फ्रीजसमोर बसवून गाठ शिकवली. खाटेच्या पायाले दोरी गुंडाळून. पांढरा पायजमा, वर बनियन, नाडी बाहेर लोंबत. बोटं जाड पण चाल अशी का जशी चिमणी दाणे टिपून राहिली.

"हे पाह्य, असं घ्याचं. सुताले जोर नाही दाखवाचा. सूत रागावते."

रोशन म्हणे, "आबाजी, हे आम्हाले साडी विणाले नाही पाहिजे, नाल्यात जायचं आहे."

"नाल्यात जाय का चुलीत जाय. गाठ तीच."

मी पहिले दोन वेढे पाहिले. मंग माह्या सुपरवायझरचा फोन आला, सेकंड शिफ्टले येशीन काय म्हणून, अन् मी बाहेर ओट्यावर गेलो. आत आलो तोवर शिकवणं झालं होतं, काकूनं, रोशनच्या आईनं, चहा ठेवला होता. मी काय केलं, रोशनच्या कमरेची तयार गाठ पाहून पाहून आपली शिकलो. दिसाले तशीच. त्याच्या गाठीतून एक फासा बाहेर लोंबे, मांजराच्या कानासारखा. मले वाटे आळस आहे हा त्याचा. तो दगडात अडकला तर? म्हणून मी माही मारली का तो कान आत खुपसे, वरून अजून एक वेढा देई अन् पाय लावून ओढे. साफ. कंपनीत आम्ही टाकीच्या कडा तशाच साफ करतो, काहीच लोंबलेलं नाही पाहिजे.

दोरीचे तीन तुकडे केले होते, प्रत्येक जण आपापल्या तुकड्याची गाठ मारे, म्हणून माही कशी आहे हे कोणी पाहिलंच नाही. अन् माही दोरी सुटायची वेळच नाही आली कधी. बोटीकडचं टोक सोडून घेई, अन् घरी जाऊन कपड्यासोबत पायातून खाली सरकवून काढे मी. वाळली का ढिली होई.

दुसरा पावसाळा. त्या दिवशी शहरात मारबत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काय गर्दी राहते तुम्हाले माहीत आहे, काळ्या-पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे निघते, बडगे निघते, अन् सगळे ओरडते, रोगराई घेऊन जा गे मारबत. आम्ही गर्दी सोडून इथं आलो, पण आमची मारबत आम्ही इथंच काढायचो. बोट पाण्यात ढकलाच्या आधी प्रत्येकानं ओरडायचं का हे घेऊन जा. गौरव ओरडला, "पुण्याच्या कंपनीचं रिजेक्शन घेऊन जाय गा नाल्या!" मी ओरडलो, "सेकंड शिफ्ट घेऊन जाय!" रोशन काही ओरडलाच नाही. पाण्याकडं पाहून राहिला.

पाणी चहासारखं होतं. वर सातपुड्यात दोन दिवस पाऊस पडून राहिला होता. अन् आवाज. आवाज बदलला होता बाप्पा. पाण्याच्या आवाजाखाली एक दुसरा आवाज, जाड, जसं कोणी पलंग सरकवून राहिलं. नाल्याच्या तळातले दगड गडगडून राहिले होते. पाय काठावर ठेवला तर तळव्याले समजे.

रोशन म्हणे, "आज दोरी राहू दे बे."

"काहून?"

"पाणी जास्त आहे. उलटलो तर मोकळं राहिलेलं बरं."

"अन् बोट गेली तर? परत म्हातारीच्या म्हशी?"

तो हसला. त्याले हसू आलं म्हणूनच झालं सारं, नाही हसला असता तर भांडला असता. गौरव तेव्हा खाली दाढेजवळ गेला होता, व्हिडिओ काढाले. रोशन हेल्मेटचा पट्टा लावून राहिला होता, दोन्ही हात वर. मी म्हटलं, थांब, मी बांधतो. मागून बांधली. कान खुपसला. वरून वेढा. पाय नाही लावला, गुडघा लावला त्याच्या पाठीले, अन् ओढली. तो म्हणे, "अबे भैताडा, श्वास तर घेऊ दे." मी म्हटलं, "घे ना, पैसे लागते काय."

हे त्याच्याशी माहं शेवटचं बोलणं आहे. इतकं फालतू.

पहिली पायरी त्यानं अशी उतरली का मी काठानं पळता पळता शिटी मारली. मिक्सरमधे एक गिरकी, निघाला. मंग दाढ. बोट आडवी झाली. पाणी तिच्यावर चढलं, ती दोन दगडांच्या मधात घुसली अन् तिथंच बसली, काळा पट्टा वर. रोशन बोटीतून निघाला होता. हे लक्षात घ्या, तो निघाला होता, बोटीच्या पुढं होता, डोकं वर, तोंड उघडं. तो पोहून जाऊ शकत होता. पुढं डोह आहे, संथ, कंबरभर. हात टाकला अन् दोरीनं त्याले मागं ओढलं.

त्याच्यात अन् आमच्यात एक खाट राहीन एवढंच अंतर होतं. गौरवनं पँट काढून फेकली त्याच्याकडं, पकडाले. पुरली नाही. मी उतरलो, पाण्यानं मले कागदासारखं उचलून काठावर टाकलं, परत उतरलो, परत टाकलं. रोशनचा एक हात वर होता. दुसरा हात मागं जाये. कमरेच्या मागं. जाये, काहीतरी शोधे, पुढं येई, परत मागं जाये. मले वाटलं पाठीले दगड लागला, दुखून राहिलं असन. मी ओरडून राहिलो, "हात पुढं कर! हात दे!" तो देतच नव्हता. तो मागंच नेऊन राहिला होता हात.

गौरव शेताकडं पळाला, एका माणसाले विळ्यासकट घेऊन आला. त्या माणसानं काठाकडून बोटीची दोरी कापली. तोवर रोशनचा हात थांबून खूप वेळ झाला होता. किती, मले नाही सांगता येत. पक्षी बोलून राहिले होते एवढं आठवते. हरोळ्या.

डोहात आम्ही त्याले उचललं तेव्हा कमरेची गाठ तशीच होती. सुताची दोरी पाण्यानं फुगते ना. विळेवाल्यानं नखानं सोडून पाहिली, दातानं पाहिली, मंग तीही कापली. पोलीस आले. विचारलं, दोरी कोणी बांधली. गौरव रडत रडत म्हणे, "त्याची तोच बांधे साहेब. आजोबानं शिकवली त्याले. विणकराचं घर आहे त्याचं."

गौरव खोटं नाही बोलला. त्यानं पाहिलंच नव्हतं. साहेबानं माह्याकडं पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून हे त्यांनी ठरवलं, अन् मी ठरवू देल्लं.

अन् विळेवाला माणूस रोशनच्या घरी भेटाले आला तेव्हा चांगल्या मनानंच बोलला, "गाठ अशी पक्की का सुटता सुटेना." आबाजी खाटेवर बसून होते. ते उठले, आत गेले, पायजमा काढला, अन् त्या दिवसापासून त्यांनी नाडी बांधली नाही. रोशनची इलास्टिकची ट्रॅक पँट घालतात. निळी, बाजूले पांढरे पट्टे. ऐंशीच्या घरातला माणूस, नातवाच्या ट्रॅक पँटमधे. बुटाची लेस नाही, पिशवीचं तोंड नाही, करगोटा कापून टाकला. काकूनं घरातल्या सगळ्या दोऱ्या उचलून देऊन टाकल्या. वाळवणाची तार लावली, तीही खिळ्याले वाकवून.

अन् त्या घरी मी जातच राहिलो. गौरव पुण्याले गेला, त्याले लागली नोकरी दुसरीकडं. मी जाये, पोळ्याले, दिवाळीले, मधात असंच. काकू म्हणे, "तू आला का रोशन आल्यासारखं वाटते रे." बिस्किट काढे, पंखा माह्याकडं वळवे. आबाजी दर खेपेले तेच, "मीच शिकवली गा त्याले. माही गाठ हाय ते. माह्या बापाची." अन् मी म्हणे, "नाही आबाजी, तुमची काय चूक." हे वाक्य किती सोपं आहे माहीत आहे काय? खरं पण आहे वरून. मी ते म्हणे अन् बिस्किट खाये.

परवा काकूचा फोन आला. "मारबत जवळ आली ना रे, तीन दिवस झाले जेवत नाही ते. पाण्यावर आहे. डॉक्टर म्हणे सलाइन लावू, तर हात काढून घेतात, म्हणतात मले जाऊ द्या पोराकडं. तुहं ऐकतात ते. येशीन काय?"

आज सकाळी गेलो. रोशनचे वडील ड्युटीवर होते. घरात फ्रीजचा आवाज अन् उदबत्ती. आबाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते, ट्रॅक पँटमधे पाय दोन काड्या. काकूनं चहा आणून माह्यापुढं ठेवला, कप बशीवर वाजला. मी त्याले हात नाही लावला. मी म्हटलं,

"आबाजी, ती गाठ रोशननं नव्हती मारली. मी मारली."

मी परत बोललो, जोरानं, घाईघाईनं, सगळंच, हेल्मेट, गुडघा, तो दोरी नको म्हणत होता ते पण. काकू दारात उभी होती, पदरानं हात पुसत. पुसतच राहिली.

आबाजी वळले. उठून बसले, दोनदा टेकून. म्हणे, "मारून दाखव."

"आबाजी?"

"मारून दाखव म्हटलं. कशी मारली तूनं."

घरात दोरी नव्हतीच. त्यांनी माह्या पायाकडं बोट केलं. मी बुटाची लेस काढली. खाटेच्या पायाले वेढे देल्ले, तसेच, कान आत खुपसला, वरून वेढा, ओढली. दोन वर्षांत मी पण ती गाठ मारली नव्हती, पण बोटाले पाठ होती.

आबाजीनं डोळ्यानं नाही पाहिली. बोटानं पाहिली. वरून, खालून, मागून. मंग विचारलं, "कान कुठं हाय?"

"कोणता कान?"

"ओढाचा कान."

"तो... लोंबून राहायचा म्हणून मी आत टाके."

त्यांनी माही गाठ नखानं सोडली. वेळ लागला. मंग लेस आपल्या कमरेमागं नेली, न पाहता वेढे देल्ले, कान बाहेर ठेवला. हात खाली सोडले. श्वास घेतला. मंग एक हात मागं नेला, चाचपला, कान सापडला, ओढला. लेस सळकन खाली पडली.

"अशी राह्यते माही," म्हणे. "सुरगाठ. माग सोडून उठाचं असन तं एका हातानं सुटली पायजे. सुताच्या कामात निरगाठ कोन मारते बे? निरगाठ पडली तं सूत कापा लागते."

अन् मले समजलं रोशनचा तो हात कायले मागं जाऊन राहिला होता.

त्याले माहीत होतं कसं सुटते ते. त्यानं शांतपणे हात मागं नेला, जसं शिकवलं तसं, कान शोधला. नव्हता. परत शोधला. अन् मी काठावरून ओरडून राहिलो, हात पुढं कर, हात पुढं कर. त्यानं आबाजीवर विश्वास ठेवला होता शेवटपर्यंत. माह्यावर पण ठेवला होता ना, का मी कान ठेवला असन.

आबाजी रडले नाही. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, जसं डोक्यावरचं गाठोडं कोणी उतरवून घ्यावं. त्यांनी दाराकडं पाहिलं.

"शोभा, ऐकलं काय वं? माही नव्हती. माह्या पोराच्या कमरेले माही गाठ नव्हती."

"ऐकलं मामाजी," काकू सासऱ्याले म्हणे.

"भात हाय काय?"

"आहे."

"वाढ."

काकू आत गेली. ताट आणलं, वरण-भात, त्यांच्यापुढं ठेवलं, भात थोडा कुस्करून देल्ला. मंग माह्याकडं आली. मले वाटलं थापड मारन. देवाशप्पथ, मी गाल पुढं केला. तिनं वाकून माह्यासमोरचा चहा उचलला, बशीसकट, आत नेला, अन् मले मोरीत तो ओतल्याचा आवाज आला. कप धुतल्याचा आवाज आला. बस. ती परत बाहेर नाही आली.

आबाजी जेवून राहिले होते. हळूहळू, बोटं चाटून, पाच दिवसाची भूक होती ती. मी समोर बसून होतो, अन् मी दिसूनही ते माह्याकडं पाहत नव्हते. त्यांच्या घासाचा आवाज इतका चांगला होता, काय सांगू. मी उठलो तेव्हा कोणी थांब नाही म्हटलं, जाय पण नाही म्हटलं.

आता दाढेवर पाणी चढून राहिलं आहे. हरोळ्या नाही आज. मी सांगून मोकळा होईन असं वाटलं होतं मले, खरंच वाटलं होतं. मोकळे ते झाले. चांगलं झालं, त्यांनीच व्हायचं होतं. ते घर माह्यासाठी गेलं, ते पंखा माह्याकडं वळवणं गेलं, अन् ते जायलेच पाहिजे होतं हे मले दोन वर्षं आधीच माहीत होतं. म्हणूनच तर नाही बोललो ना.

एकच विचारतो अन् बंद करतो, बॅटरी लाल झाली. तुमच्यासोबत असं झालं काय कधी? तुमच्या हातची चूक एखाद्या दुसऱ्या माणसानं, बिचाऱ्या म्हाताऱ्यानं, आपलीच समजून उचलून घेतली, अन् तुम्ही त्याच्या घरचा चहा पीत पीत त्याले ती उचलू देल्ली? मंग सांगतलं काय तुम्ही? अन् सांगतल्यावर त्या घरात तुम्हाले परत कोणी बस म्हटलं काय? खोटं नका लिहू. नसन म्हटलं तर तसंच लिहा.